पाच किलो हुलगे आणि नाक मुरडणारं घर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाहूवाडीकडच्या नणंदेनं शेतातले पाच किलो हुलगे, म्हणजे कुळीथ, पाठवलेत. एकदा उसळ केली, तर मुलांनी ताट बाजूला सारलं, नवऱ्याचं पोट रात्रभर गुडगुडलं आणि विचारणाऱ्या ताईंना स्वतःलाच तो वास सोसत नाही. घरचं धान्य म्हणून टाकवत नाही. मागच्या पावसाळ्यात असेच ठेवलेले हुलगे किडले, ती बोचणी वेगळीच. मग न आवडणारी वस्तू संपवायची तरी कशी?

ताई, मी कोल्हापुरात राजारामपुरीत मेस चालवते. शिकणारी मुलं, नोकरीची माणसं, शिवाय डबे. मेसमध्ये आवडनिवड विचारून स्वयंपाक होत नाही, पण ताटात काय उरतं ते रोज डोळ्यांसमोर असतं. ती उरलेली ताटं बघून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. माणसाला अख्खी वस्तू क्वचितच नावडते. तिच्यातली एखादीच खोडी नावडते आणि आपण सगळ्या वस्तूवर फुली मारतो. ती खोडी कोणती ते आधी शोधा. हुलगे लपवायचे, मुलांना फसवायचं, वर चीज किसायचं, हे सगळं तोपर्यंत बाजूला ठेवा.

हुलग्याच्या खोड्या मोजक्या आहेत. एक तो उग्र, मातकट वास. दुसरा तुरट-कडवटपणा. तिसरी साल, जी शिजली तरी दाताखाली येत राहते. चौथा काळपट रंग, ज्याच्यावर मुलं बघूनच निकाल देऊन टाकतात. पोटातला वारा हा प्रकार वेगळा, त्याबद्दल पुढं लिहिते.

यातलं तुमच्या घरात काय नडतंय ते एका कुकरमध्ये कळेल. मूठभर हुलगे रात्री भिजवा, सकाळी नुसतं मीठ घालून मऊ शिजवा आणि पाणी वेगळं काढा. आधी ते पाणी चमचाभर चाखा. मग अख्खा दाणा खा. मग एक दाणा चिमटीत दाबून साल काढा आणि आतला गर तेवढा खाऊन बघा. पाणीच नको वाटलं तर उपाय सोपा, पहिलं पाणी टाकायचं. अख्खा दाणा नको पण सोललेला चालतोय, असं झालं तर भांडण सालीशी आहे; मग तुमच्या हुलग्यांनी गिरणीचा रस्ता धरायचा. आणि सोललेला दाणाही घशाखाली उतरत नसेल, तर हुलग्याचा असा वेगळा पदार्थ करायचाच नाही, दुसऱ्या धान्यात थोडा थोडा मुरवायचा. मुलांनाही हे तिन्ही चाखायला द्या. “आवडलं का” असं विचारू नका, “यातलं कुठलं जास्त वाईट” असं विचारा. असं विचारलं की मुलं खरं बोलतात.

आता धान्य जुनं की नवं ते बघा. भिजवलेली मूठ पाण्यातून काढून ताटात पसरा. फुगलेले दाणे आणि जसेच्या तसे राहिलेले गणंग लगेच वेगळे दिसतात. गणंग चार-सहाच असतील तर माल नवा आहे, मोड काढायला चांगला. पाव हिश्श्याच्या पुढं गणंग निघाले तर त्याची उसळ करायच्या भानगडीत पडू नका, कितीही शिट्ट्या द्या, मऊ दाण्यांत खडे लागावेत तसे ते लागत राहणार. कडधान्य बरेच दिवस पडून फार कोरडं झालं की काही दाण्यांची साल अशी घट्ट होते की पाणी शिरत नाही. मात्र भाजून दळायला हाच माल उत्तम.

निवडण्याबद्दल दोन शब्द, कारण बऱ्याच घरांत हुलगे इथंच नावडते होतात. हुलग्याचा रंग आणि आकार बारीक खड्याचा असतो, त्यामुळं ताटात घेऊन निवडताना नजर फसते. ते रोळून घ्यावे लागतात. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्यायचं, हुलगे टाकायचे, पातेलं गोल हलवायचं आणि वरचे वरचे दाणे पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात घ्यायचे. खडे आणि माती तळाशी राहतात. दोन-तीनदा असं करा. आमच्याकडं भांड्याला असणाऱ्या मावशी तळाचा शेवटचा चमचा कधीच घेत नाहीत, “ते गेलं तर गेलं, दात काय फुकट आलेत का?” म्हणतात. उसळीत लागलेला एक खडा माणूस वर्षभर विसरत नाही.

माझं स्पष्ट मत असं की पाचातले तीन किलो थेट पिठाला लावा. आवडत नाही तिथं पीठ हाच पहिला आसरा. वास, साल आणि तुरटपणा या तिन्हींची सोय एकाच कामात होते.

मात्र भाजणं नीट झालं पाहिजे. दळायचे हुलगे रोळल्यावर कडक उन्हात पूर्ण वाळवून घ्या. लोखंडी कढई, मध्यम आच, एका घाण्याला अर्धा किलो, जास्त नाही. सुरुवातीला काही मिनिटं काहीच होत नाही. मग एक हिरवट, कच्चा वास वर येतो. तो वास तुम्हाला उसळीत नडला तोच, आणि तो कढईतच उडून जाऊ द्यायचा आहे. बरेच लोक नेमके इथंच गॅस बंद करतात, कारण “वास सुटला” म्हणजे भाजलं असं वाटतं. थांबा. ढवळत राहा. वास आधी तीव्र होतो, मग बसतो आणि त्याच्या जागी फुटाण्यासारखा खरपूस वास येतो. दाणे तडतडायला लागतात, एखादा कढईबाहेर उडी मारतो, खाकी रंगाचा तांबूस तपकिरी होतो. एक दाणा गार करून चावून बघा. कुडुम करून दोन तुकडे झाले पाहिजेत. चिवट लागला तर अजून दोन मिनिटं. बारा ते पंधरा मिनिटांत एक घाणा होतो. झाला की लगेच परातीत पसरा, कढईत ठेवला तर तो भाजतच राहतो आणि करपला की नवाच कडूपणा येतो, जो मग कशानं जात नाही.

गार झाल्यावर थेट दळायला देऊ नका, आधी भरडा. जातं असेल तर फारच छान. नसेल तर मिक्सरला थोडे थोडे घालून दोन-तीन वेळा नुसतं फिरव-थांब, फिरव-थांब करा. डाळ फुटते, साल सुटते. मग सूप घ्या आणि गच्चीवर जाऊन पाखडा. तुरटपणा देणारं टॅनिन बहुतेक सालीतच असतं, त्यामुळं जेवढी साल उडाली तेवढी तुमच्या घरातली कटकट गेली. रंगही उजळतो. कोकणात कुळथाचं पीठ पूर्वापार असंच करतात, भाजून, भरडून, पाखडून, म्हणून तिकडं लहान पोरंही पिठी-भात मिटक्या मारत खातात आणि आपल्याकडं सालीसकट दळून आपण म्हणतो हुलगा कडू. गिरणीवाल्याला सांगून हरभऱ्याच्या डाळीवर दळून घ्या. मिरचीवर किंवा मसाल्यावर घातलं तर पीठ कशालाच लागू पडत नाही.

या पिठाचं पहिलं पिठलं निम्मं बेसन घालून करा. बेसनाला अंगचा गोडवा आहे, तो तुरटपणा झाकतो. दोन्ही मिळून चार मोठे चमचे पीठ थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवून ठेवा. तेलात मोहरी, जिरं, सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या चांगल्या लाल होऊ द्या, कांदा परता, हळद आणि आपली चटणी घाला. चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणी, कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायची गरज नाही, बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितलं. अडीच वाट्या पाणी, मीठ, आणि उकळी आली की कालवलेलं पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळायचं. मंद आचेवर पाच-सात मिनिटं. आमसूल शेवटी, दोनच. हे पिठलं गार होताना आळतं, म्हणून उतरवताना पातळच हवं. वर तूप किंवा लोणी, शेजारी दही. दह्याचं कारण नुसतं चवीचं नाही. दह्या-दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळं जिभेवरचा तुरटपणा खरोखर कमी होतो. दूध घातलेला चहा कोऱ्या चहापेक्षा कमी तुरट लागतो तो त्यामुळंच. पुढच्या वेळी बेसन थोडं कमी करा, त्याच्या पुढं अजून थोडं. पूर्ण हुलग्यावर यायलाच हवं असं काही नाही. निम्म्यावर घर खूश असेल तर निम्म्यावरच थांबा.

शेंगोळ्या हा दुसरा प्रकार आणि मुलांसाठी माझा भरवसा याच्यावर जास्त आहे. वाटीभर हुलग्याचं पीठ, पाव वाटी शाळूचं (ज्वारीचं) पीठ, दोन चमचे कणीक, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, मीठ, तेलाचं मोहन. घट्ट मळायचं. तळहाताला तेल लावून लिंबाएवढा गोळा वळत वळत करंगळीपेक्षा बारीक दोरी करायची आणि टोकं जोडून कडं करायचं. मुलांना वळायला बसवा. कुणाचं कडं, कुणाचा साप, कुणाचा आठ आकडा, जे होईल ते होऊ द्या. स्वतः वळलेलं पोरगं खाताना नाक मुरडत नाही. मोठ्या पातेल्यात लसणाची सणसणीत फोडणी, चटणी, भरपूर पाणी, आणि पाणी खळखळ उकळत असतानाच एकेक शेंगोळी सोडायची. पहिली पाच मिनिटं डाव लावायचा नाही, मोडतात. नंतर हलक्या हातानं. पंधरा-वीस मिनिटांत शिजतात. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून रस्स्यात सोडलं की अंग येतं. कणीक वगळून शुद्ध हुलग्याच्याच करायचा हट्ट काही जणी धरतात. तुटतात, रस्सा चिखल होतो आणि दोष हुलग्यावर जातो.

उरलेलं पीठ दिसू न देता संपवायचं असेल तर भाकरी. पाच किलो शाळू दळायला टाकताना पाव किलो भाजलेले हुलगे त्यातच टाका. भाकरी किंचित सावळी होते, थापताना काही फरक कळत नाही, खाताना तर नाहीच. पाव किलोच्या पुढं गेलात तर कडा चिरायला लागतात. थालीपिठाच्या भाजणीतही असंच. जिथं वाटीभर उडीद घालता तिथं अर्धी वाटी उडीद आणि अर्धी हुलगे. भाजणीत धने-जिरं इतकं बोलतं की हुलगा गप्प बसतो.

शेंगदाण्याच्या चटणीत भाजलेले, पाखडलेले हुलगे निम्म्याला निम्मे घालून बघा. दाणे, हुलगे, लसूण, सुक्या खोबऱ्याची एक वाटी, मीठ, चटणीपूड, खलबत्त्यात किंवा मिक्सरवर भरड. तेल कमी सुटतं त्यामुळं जास्त दिवस टिकते. आमच्याकडं डब्याबरोबर ही जाते आणि “यात काय आहे” म्हणून आजवर कुणी विचारलेलं नाही.

माडगं करायचं का, असं कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. भाजलेल्या पिठाची पातळ पेज, गूळ, सुंठ, चिमूट मीठ. पावसाळ्यात, सर्दी-पडशात वाटीभर गरम माडगं मला स्वतःला प्रिय आहे, आणि गुळाच्या गावात राहून गूळ शोधायला जायची गरज नाही. पण ज्या घराला हुलगा नावडतो त्या घरात माडग्यानं सुरुवात करू नका. त्यात हुलगा एकटा उघडा पडतो.

आता उरलेले दोन किलो, जे अख्खे वापरायचे.

नवऱ्याच्या पोटाचा विषय इथं येतो. कडधान्यात काही साखरी अशा असतात की त्या पचवायचं साधन आपल्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वारा धरतो. या साखरी भिजवलेल्या पाण्यात बऱ्यापैकी उतरतात आणि मोड येताना दाणा स्वतःच त्या वापरून टाकतो. म्हणून भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, “सत्त्व जातं” म्हणून त्यातच शिजवायचं नाही. आणि शक्य तेव्हा मोड काढायचे. हिंग, आलं, ओवा यांची मदत होते, पण पहिली दोन कामं चुकवून नुसत्या हिंगावर भिस्त ठेवू नका. आणि पहिल्याच दिवशी रात्रीच्या जेवणाला वाटीभर उसळ वाढू नका. दुपारी, दोन-तीन चमचे, आठवड्यातून दोनदा. पोट सवयीनं शिकतं.

मोड मटकीसारखे पटकन येत नाहीत. दहा-बारा तास भिजवणं, मग फडक्यात बांधून दिवस-दीड दिवस, थंडी-पावसात आणखी जास्त. मधे एकदा पोटलीवर पाण्याचा हबका मारा, वास येऊ नये म्हणून. मोड अर्ध्या सेंटिमीटरचा झाला की बास. लांब मोड दिसायला छान, खायला चिवट आणि पुन्हा कडवट.

शिजवताना दोन गोष्टी. आमसूल, चिंच, टोमॅटो हे सगळं दाणा पूर्ण मऊ झाल्यावर. आंबट आधी पडलं की साल आवळून बसते, मग शिट्ट्यांना दाद देत नाही. आणि तुमच्याकडं बोअरचं जड पाणी येत असेल तर हुलगे त्यात लवकर शिजणार नाहीत, पाण्यातला चुना सालीला घट्ट करतो. शिजवण्यापुरतं नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. मोड न काढता नुसते भिजवून शिजवणार असाल तर भिजवतानाच चमचाभर मीठ घाला, साल मऊ पडते. सोडा मी वापरत नाही. दाणा मऊ होतो हे खरं, पण साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व जातं. मोडाच्या हुलग्यांना चार-पाच शिट्ट्या आणि मग दहा मिनिटं मंद आच, नुसत्या भिजवलेल्यांना सात-आठ.

मोडाची उसळ करायचीच तर निम्मी मटकी घाला आणि मिसळ करा. फरसाण, कांदा, लिंबू, वर झणझणीत कट, पावाबरोबर. मटकीच्या गर्दीत हुलगा कुरकुरीत बदल वाटतो. नुसत्या हुलग्याची कोरडी उसळ डब्यात दिलीत तर ती संध्याकाळी तशीच परत येईल, तुमच्याकडं आली तशीच.

आता मला ज्याच्याबद्दल खरं बोलायचं आहे ते. कोल्हापुरात बुधवार-रविवार मटणाचा वार, हे ठरलेलं. पण सोमवार, गुरुवार, संकष्टी पाळणारी पोरंही मेसवर असतात आणि त्यांनाही तांबडा रस्सा पाहिजे असतो. नुसत्या पाण्यात मसाला उकळला की तो तांबडा होत नाही, तिखट पाणी होतं. मटणाच्या रस्स्याला अंग येतं ते अळणी पाण्यामुळं, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्यामुळं. शाकाहारी सामानात तसं अंग देणारं मी तरी हुलग्याच्या कढणाएवढं, म्हणजे हुलगे शिजवून गाळलेल्या पाण्याएवढं, दुसरं काही बघितलेलं नाही. ज्या उग्रपणामुळं उसळ मागं सारली जाते तोच भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याखाली खोल, भरदार चव होऊन उभा राहतो.

सहा माणसांसाठी दीड वाटी हुलगे रात्री भिजवा. सकाळी ते पाणी टाका, नव्या पाण्यात पाच मिनिटं खळखळून उकळा आणि तेही पाणी टाका. अगदी कडवट, काळा भाग त्यात जातो. मग आठ वाट्या पाणी, थोडं आलं, एक कांदा दोन फोडी करून, आणि सात-आठ शिट्ट्या. गाळून घ्या. तपकिरी, किंचित दाट कढण मिळेल. चाखलंत तर अजून तुरट वाटेल, घाबरू नका.

मसाल्याला दोन कांदे सालीसकट गॅसवर काळे होईपर्यंत भाजा आणि सोला. अर्धी वाटी सुकं खोबरं, दोन चमचे तीळ, चमचाभर खसखस वेगवेगळं भाजा, एकत्र टाकलंत तर तीळ करपतात आणि खोबरं कच्चं राहतं. आलं, भरपूर लसूण, कोथिंबीर घालून गंधासारखं बारीक वाटा. पातेल्यात तेल सढळ, चार मोठे चमचे तरी. वाटण परतून कडेनं तेल सुटलं की गॅस बारीक करून दोन-तीन चमचे चटणी टाका, ढवळा, लगेच कढण. कढण गरमच हवं. थंड ओतलं तर तवंग फुटतो आणि मग तो वर येत नाही. मीठ, बारीक आचेवर दहा मिनिटं उकळी. तवंग लाल, दाट वर तरंगला की झालं. वाढताना लिंबू. तुरटपणा कुठं गेला ते तुमचं तुम्हालाच कळणार नाही. तेल, तीळ आणि खोबरं त्याला गिळून टाकतात.

गाळून राहिलेले दाणे टाकायचे नाहीत. निम्मे कुस्करा, त्यात उकडलेला बटाटा, मिरची, कोथिंबीर, दोन चमचे तांदळाचं पीठ घालून चपटे वडे तव्यावर भाजा. याच तांबड्याबरोबर चालतात. बाकीचे दाणे दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर, खर्डा (मिरचीचा ठेचा) लावून परतून.

करू नये असंही काही आहे. ड्रायफ्रूट घालून लाडू, कोको घालून लाडू, असले प्रकार हल्ली फार सुचवले जातात. तूप, काजू, गूळ यांचा खर्च करून शेवटी हुलग्याचीच चव येते आणि मग न आवडणाऱ्या दीडशे रुपयांच्या वस्तूसाठी पाचशेच्या आवडणाऱ्या वस्तू वाया जातात. कच्चे मोड कोशिंबिरीतही नकोत, ते पचायला जड. इडलीच्या पिठात वाटीभर हुलगे घालून ती चिकट, करडी इडली मुलांपुढं ठेवली तर हुलगा तर जातोच, इडलीही जाते. ज्या पदार्थावर घराचं प्रेम आहे आणि ज्याची चव नाजूक आहे, त्यात नावडती वस्तू घालायची नाही. दणकट चवीच्या पदार्थांत घालायची, तिथं ती पेलते.

मुतखड्यावर हुलग्याचं पाणी द्या, असं तुम्हाला शेजारी-पाजारी सांगतील. आयुर्वेदात त्याचा उल्लेख आहे हे खरं. पण कुणाला खडा असेल, किंवा डॉक्टरांनी डाळी-कडधान्यं कमी करायला सांगितली असतील, तर त्यांना विचारूनच. संपवायचं आहे म्हणून औषधाच्या नावाखाली कुणाच्या घशात ओतू नका.

घरात सासूबाई किंवा मोठं कुणी असेल आणि त्यांनी हुलगा बघूनच तोंड फिरवलं, तर त्यांच्यावर मात्र वरचे उपाय करू नका. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि मदत म्हणून वाटलेल्या सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीला काही धान्यं चवीमुळं नकोत असं नसतं, त्या दिवसांमुळं नको असतात. भाजून-पाखडून ते जात नाही. त्यांना त्यांच्या आवडीचं वाढावं आणि विषय सोडावा.

तुम्ही शेवटी विचारलंय की घरात पडून असलेले ओट्स, सोयाबीनच्या वड्या आणि जवस यांनाही हेच लागू होतं का. होतं. ओट्सची खोडी म्हणजे गिळगिळीतपणा. कोरडे भाजून भरड करा आणि थालीपिठात किंवा कटलेटात घाला, पाण्यात उकळू नका. सोयावडीचा वास पाण्यात उतरतो. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा, मग मटणाच्या मसाल्यात टाका. जवसाचा चिकटपणा भाजल्यावर जातो, लसूण घालून त्याची चटणी होते. मात्र थोडीच कुटा, कुटलेला जवस लवकर खवट होतो.

आणि पाच किलो म्हणजे पाच किलो संपवायलाच पाहिजेत, हे कुणी ठरवलं? दीड-दोन किलो ओळखीतल्या आवडणाऱ्या घरी द्या. कोल्हापुरात कोकणातून आलेली घरं पुष्कळ आहेत, त्यांना घरचा कुळीथ म्हटलं की आनंदच होईल. जनावरं सांभाळणारा गवळी ओळखीचा असेल तर त्यालाही विचारा. हुलगे शिजवून बैला-म्हशींना खुराकात घालायची पद्धत जुनीच आहे. किती घालायचे ते त्याचं त्याला ठाऊक असतं.

राहिलेल्या धान्याला मागच्या वर्षीसारखी कीड लागू नये म्हणून हे मे महिन्यातच करून घ्या, जूनचा पहिला पाऊस पडल्यावर उपयोग नाही. आधी दाणे नीट बघा. हुलग्याच्या अंगावर मोहरीपेक्षा बारीक पांढरे ठिपके दिसले तर ती भुंग्याची अंडी. गोल भोक दिसलं तर भुंगा बाहेर पडून गेलेला. असे दाणे वेगळे काढा. बाकीचे दोन कडक उन्हं द्या आणि संध्याकाळी पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरले तर झाकणाला आतून घाम धरतो आणि तिथूनच बुरशी सुरू होते. डबा घट्ट झाकणाचा, तोंडापर्यंत भरलेला. आत वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत. फ्रीजरमध्ये जागा असेल तर किलो-किलोच्या पिशव्या चार-पाच दिवस तिथं ठेवा, अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतलं धान्य घराच्या उष्णतेला आल्यावरच उघडा, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटतं. पीठ मात्र एकदम तीन किलोचं दळून ठेवू नका. भाजून, भरडून, पाखडून ठेवलेली डाळ डब्यात ठेवा आणि महिन्याला लागेल तेवढीच गिरणीत न्या. पावसाळ्यात दळलेलं पीठ बाहेर महिनाभर बरं राहतं, फ्रीजमध्ये ठेवलं तर दोन-तीन महिने जातात.